पलीकडचा हात

चन्नवीरला मायाप्पाचा चेहरा आठवायला वेळ लागायचा. बोटं मात्र लगेच आठवायची. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, त्याच्या शेजारचं बोट जरा वाकडं, आणि त्या दोघांच्या चिमटीत सुताचा एक धागा. कित्येक वर्षं रोज पाळीभर तो ह्या चिमटीकडं बघत आला होता.

सोलापुरातल्या एका मोठ्या कापड मिलमध्ये दोघं वहिफणी खात्यात होते. ही वही लिहायची नव्हे. ताण्याचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला मोठा रूळ, मागावर चढण्याआधी त्यातला एकेक धागा ओवून घ्यावा लागतो. आधी वहीच्या डोळ्यातून, मग फणीच्या फटीतून. वही म्हणजे बारीक डोळे असलेल्या तारांची टांगती चौकट, आणि फणी म्हणजे तिच्यापुढची दातांची लांब पट्टी. धागे हजारोंनी असतात. एक जरी चुकीच्या डोळ्यात गेला, तर ती चूक कापडाच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत ओरखड्यासारखी चालत राहते.

हे काम दोघांचं. मागं बसणारा बीमवरचा धागा क्रमानं उचलतो आणि चिमटीत धरून पुढं करतो. समोर बसणारा हातातला तारेचा आकडा डोळ्यातून पलीकडं घालतो, धागा अडकवतो, ओढून घेतो. समोर चन्नवीर बसायचा, मागं मायाप्पा. मध्ये वहीचा पडदा. त्यातून माणूस दिसत नाही, हात दिसतो.

बसून करायचं काम म्हणून बघणाऱ्याला ते हलकं वाटतं. पाळी संपल्यावर उभं राहून बघावं. पाठ दुखत नाही. दुखतो तो खांद्यामागचा एक स्नायू, आणि डोळ्यांच्या आत कुठंतरी वाळू भरल्यासारखं होतं.

भिंतीपलीकडं विणाई खातं होतं. शेकडो मागांचा खडखडाट असा यायचा की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. म्हणून दोघांनी न ठरवता एक नियम ठरून गेला होता. मागं काही अडलं, धागा तुटका निघाला किंवा दोन धागे एकमेकांना चिकटले, की मायाप्पाचा हात थांबायचा. चन्नवीरनं काही विचारायचं नाही. आकडा तसाच डोळ्यात धरून गप बसायचं. हात पुन्हा चालू झाला की समजायचं, सगळं ठीक आहे. हात चालतोय तोवर काळजी नाही.

मायाप्पा सांगोला तालुक्यातला, धनगराचा. बायको राजाबाई, पोरं आणि म्हातारे आईबाप गावी. तो मिलजवळच्या एका खोलीत गाववाल्यांबरोबर राहायचा आणि सुट्टीला एसटीनं गावी जायचा. चन्नवीर वळसंगकडचा, लिंगायत. घरी कानडी, बाहेर मराठी. घरी म्हणजे बायको दानम्मा होती तोवर. ती गेल्यावर कानडी बोलायला घरात कुणी उरलं नाही. मूलबाळ नव्हतं. सकाळी लिंगपूजा करताना ओठ हलायचे तेवढेच. कधीकधी भाकरी थापताना तो तव्याशी कानडीत दोन शब्द बोलायचा, आणि मग आपलाच आवाज ऐकून ओशाळायचा.

दानम्माचा धाकटा भाऊ वीरभद्रप्पा सुताचा दलाल होता. पान खाऊन फिरायचा, सगळ्या पेठांत ओळखी. बहीण गेली तरी त्यानं नातं सोडलं नव्हतं. दर आठवड्याला यायचा आणि एकच विषय काढायचा.

"दाजी, सोडा ती मिल."

"सोडून काय करू? तुझ्यासारखं पान खात फिरू?"

"फिरा की! मालक माणसानं फिरायचंच असतं. आवो, साखर पेठेत बघा, घराघरात पावरलूम बसाय लागलेत. टॉवेल, चादरी. माग घ्यायला पैसा हाय लोकांकडं, पर वहिफणी भरणारा माणूस न्हाय. डिझाईन बदललं की माग बंद. भरणारा येईपतूर मालक दारात बसून विड्या फुकतोय. तुमी नुसतं हो म्हना, लोकं तुमाला घोड्यावरनं नेतील."

"मला घोड्यावर बसता येत न्हाय."

"ते मी धरतो! आनि एक सांगा, मालकाला कोन इचारतंय भोंगा वाजला का न्हाय ते?"

"मग जेवायचं कवा?" चन्नवीर म्हणाला.

वीरभद्रप्पा खो खो हसला. चन्नवीरही हसला. पण विषय मनात राहिला.

मिलमध्ये वाईट काही नव्हतं. कायम नोकरी होती, फंड होता, दवाखाना होता. दानम्माच्या आजारात त्या दवाखान्याच्या बाकावर त्यानं किती दुपारी काढल्या होत्या. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं, भोंगा वाजला की घरी. दिवस कसा भरायचा हे त्याला ठरवावं लागत नव्हतं, आणि दानम्मा गेल्यावर तर तो ह्याच आधारावर उभा होता. पण एक गोष्ट खुपायची. त्यानं भरलेला बीम मागावर चढला की तो कुणाचा हे कुणाला माहीत नसे. काम चुकलं तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, शोधत यायचा. बरोबर आलं तर कोणी येत नसे. एवढ्या वर्षांत त्याला शोधत कुणी फारसं आलंच नव्हतं. म्हणजे काम चांगलं होतं. चांगल्या कामाची खूण एवढीच, की आपल्याकडं कुणी फिरकत नाही.

एकदा वीरभद्रप्पा त्याला साखर पेठेतल्या नरसय्याच्या घरी घेऊन गेला. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत चूल, मधल्या जागेत बायका सुताच्या कांड्या भरत होत्या. सगळे तेलुगूत बोलत होते. लेकरू रडत होतं, कुकरची शिट्टी होत होती. नरसय्यानं चन्नवीरला मागाजवळ नेलं आणि कापडातली एक रेघ दाखवली. "कोणीतरी भरला," तो त्याच्या मराठीत म्हणाला, "पण कसा भरला बघा." आणि अशा नजरेनं चन्नवीरकडं बघितलं, की जणू वैद्य घरी आलाय.

ती नजर घेऊन चन्नवीर घरी आला. त्या घरातला गोंगाटही बरोबर आला.

आता प्रश्न एकच होता. पलीकडं कोण बसणार?

त्याच्या मनात दुसरं नावच नव्हतं. मायाप्पा आला तर सगळं जमतं. तोच हात, तीच लय, फक्त जागा वेगळी. मायाप्पा नाही आला तर मिल सोडण्यात अर्थ नव्हता. हे त्यानं स्वतःशी स्पष्ट ठरवलं होतं. चालत घरी येताना ठरवलं, दुसऱ्या दिवशी चालत जाताना पुन्हा ठरवलं.

विचारायचं कसं, ह्यात बरेच दिवस गेले. चहाच्या सुट्टीत सगळे असायचे. सुटल्यावर मायाप्पा गाववाल्यांबरोबर निघायचा. चन्नवीरला समोरासमोर बोलायची सवय नव्हती. शेवटी एका दुपारी विणाई खात्यातला पट्टा तुटला आणि अर्धे माग बंद पडले. खडखडाट उतरला. आकडा चालू ठेवूनच चन्नवीर वहीच्या पडद्यातून बोलला.

"मायाप्पा, मी मिल सोडून स्वतःचं वहिफणीचं काम काढतोय. पेठेत काम लई हाय. दोघं मिळून करू. अर्धं तुझं, अर्धं माझं. येतोस न्हवं?"

बोलून त्यानं आकडा डोळ्यातून पलीकडं घातला आणि श्वास धरला.

धागा आला. त्यामागून पुढचा आला. त्यामागून पुढचा. चिरलेल्या नखाचा अंगठा क्षणभरही अडखळला नाही. ह्या सहज चालीतच चन्नवीरला उत्तर मिळालं. पलीकडं काही अडलेलं नव्हतं. अडलं असतं तर हात थांबला असता.

माग पुन्हा सुरू झाले. पुढं बोलायची सोय उरली नाही, आणि चन्नवीरला गरजही वाटली नाही. त्या संध्याकाळी त्यानं दुप्पट पिठाच्या भाकरी थापल्या आणि मग लक्षात आल्यावर एकटाच हसला.

पुढचे दिवस त्यानं घाईत काढले. वीरभद्रप्पानं नरसय्याच्या शेजारी एक पत्र्याची खोली बघून दिली. सुताराकडून ओवायची चौकट करून घेतली. तिला समोर एक आणि मागं एक अशी दोन बुटकी स्टुलं. मागचं स्टूल त्यानं जरा उंच करून घेतलं, कारण मायाप्पाचे पाय लांब. वीरभद्रप्पानं दारावर पाटी लावली, 'चन्नवीर वहिफणी'. "मायाप्पाचं नाव?" चन्नवीरनं विचारलं. "आधी येऊ द्या की त्याला," वीरभद्रप्पा म्हणाला. चन्नवीरला ते बोलणं आवडलं नाही.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत, माग थांबलेले असताना, त्यानं जॉबर शिवयोगीकडं राजीनामा दिला. शिवयोगी जुना माणूस, थोडक्यात बोलणारा. त्यानं कागद वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

"पेठेत जाताय म्हणे. पलीकडं कोण बसणार?"

"मायाप्पा."

शिवयोगीनं खात्याच्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं मायाप्पा नळावर हात धूत होता. "त्यानं तर मला काय सांगितलं नाही," शिवयोगी म्हणाला. "उलट परवाच विचारत होता, चन्नवीरअण्णा गेल्यावर माझ्यासमोर कुणाला बसवणार म्हणून."

चन्नवीर नळाकडं गेला. मायाप्पानं त्याला बघून नळ बंद केला.

"तू येणार नाहीस?"

"कुटं?"

"कुटं म्हणतोस? त्या दिवशी विचारलं की तुला. पट्टा तुटला तवा."

मायाप्पा हात झटकत राहिला. "अण्णा, मी कवा येतो म्हनलो?"

"तुझा हात थांबला न्हाय."

"आं?"

"हात थांबला न्हाय तुझा. मी विचारलं, आणि तू धागा देत ऱ्हायलास."

मायाप्पाला ते कळायला वेळ लागला. मग त्याचं तोंड उतरलं. "हात थांबवला असता तर धागा चुकला असता की," तो हळू म्हणाला. "काम चालू हुतं न्हवं. तवा मला वाटलं, तू आपलं मनातलं बोलतोयस. लोकं बोलत्यात तसं. मिल सोडतो, मिल सोडतो. कोन सोडतंय?"

"मी सोडतोय."

"व्हय, पेठेत खोली घेतलीस ते कळलं परवा. तू सोडशील." मायाप्पानं पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. "तुला मागं कोन हाय, अण्णा? तू पडलास तर एकटा पडशील. मी पडलो तर सगळं घर पडंल. दुष्काळात आमची मेंढरं गेली. डोळ्यादेखत गेली. बा बांधावर बसून नुसता बघत हुता. त्या सालात घरात चूल पेटली ती हितल्या भोंग्यावर. मला त्यो भोंगा ऐकल्याबिगर झोप येत न्हाय."

'मागं कोन हाय' हे शब्द चन्नवीरनं ऐकले आणि ते खरे होते. मायाप्पानं टोचायला म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त खोल गेले.

"रागावलास व्हय?"

"न्हाय."

"तिकडं दुसरा कोनबी बसंल. त्यात काय एवढं? धागाच तर द्यायचाय."

हे मात्र चन्नवीरला लागलं. एवढ्या वर्षांत तो स्वतः एकदाही असं म्हणाला नव्हता, की धागाच तर ओढायचाय.

शिवयोगी खिडकीजवळ कागद घेऊन उभा होता. चन्नवीर परत त्याच्याकडं आला. शिवयोगीनं सगळं ऐकलं असावं. "हा अजून साहेबाकडं गेलेला नाही," तो म्हणाला. "फाडू?"

"उद्या सांगतो."

ती संध्याकाळ चन्नवीरनं घराच्या उंबऱ्यावर बसून काढली. आत चूल पेटवली नाही. समोरच्या दारात शेजारीण चन्नम्मा मिरच्या निवडत होती. तिनं कानडीत विचारलं, "जेवण झालं का?" तो झालं म्हणाला.

हिशेब सरळ होता. मायाप्पा नाही तर मिल सोडायची नाही, असं त्यानंच ठरवलेलं. कागद फाडायचा, उद्या त्याच स्टुलावर बसायचं, आकडा उचलायचा. पडद्यातून तीच चिमटी पुढं येईल. आणि तिथंच त्याचं मन अडायचं. आता ती चिमटी बघितली की त्याला दिसणार होतं, की पलीकडं एक दुसराच माणूस बसलाय. त्याचं गाव वेगळं, भीती वेगळी, आणि चन्नवीरच्या मनात काय चाललंय हे त्याला कधीच कळलं नव्हतं. हात चालायचा तो कामासाठी. चन्नवीरनं त्यात सोबत वाचली होती. रोज हजारो वेळा तो धागा हातात घ्यायचा, आणि दर वेळी हे आठवायचं? ते त्याला जमलं नसतं.

पेठेतली पाटीही आठवली. नरसय्याची नजर आठवली.

सकाळी तो शिवयोगीला म्हणाला, "फाडू नका."

पत्र्याच्या खोलीत काम आलं. वीरभद्रप्पा त्याबाबतीत खोटं बोलला नव्हता. मागं बसायला त्यानं माणसंही पाठवली. एक सतत बोलायचा. दुसरा दोन धागे एकदम द्यायचा आणि म्हणायचा, एक घ्या, एक सोडा. तिसरा सिदू, बिचारा बरा होता, पण धागा देताना थरथरायचा, आणि चन्नवीर काही बोलला नाही तरी घाबरायचा. शेवटी चन्नवीरनंच सांगितलं, "नको. माझं मी करतो."

"एकट्यानं होतंय व्हय हे?" वीरभद्रप्पा म्हणाला.

"होतं. वेळ लागतो."

वेळ लागायचाच. उजव्या हातात आकडा, डावा हात वहीच्या कडेनं वळसा घालून मागं. धागा बोटानंच चाचपून उचलायचा, न बघता आकड्यावर टेकवायचा, मग ओढायचा. वही रुंद असली की मधल्या धाग्यांपर्यंत हात पोचायचा नाही. मग स्टूल उचलून मागं जायचं, धाग्यांचा एक झुपका सोडवून ढिल्या गाठीनं काठीवर बांधायचा, परत पुढं यायचं. डावा खांदा पहिल्याच महिन्यात धरला. चन्नवीरनं तेल लावून द्यायला चन्नम्माच्या नवऱ्याला सांगितलं नाही. स्वतःला पोचेल तेवढ्या भागाला लावलं.

त्याचं काम मात्र चुकलं नाही. एकदा नरसय्यानं मागावरून उतरलेल्या टॉवेलच्या ताग्यावरून आडवा तळहात फिरवला, आणि बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. नरसय्या तेलुगूत काहीतरी बोलला आणि चन्नवीरकडं बोट दाखवलं. बायकोनं कापड बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि हसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं चांगलं काम त्याच्या नावासकट बघत होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. काय बोलले ते त्याला समजलं नव्हतं. विचारायची लाज वाटली. मग ती दोघं आत जेवायला गेली आणि तो आपल्या खोलीत आला.

मिलचा भोंगा पेठेतही ऐकू यायचा. तो वाजला की चन्नवीरचा आकडा आपोआप थांबायचा. मग आठवायचं, की आता आपल्याला कुणी उठवत नाही.

उन्हाळा संपत आला तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी दारात सावली पडली. चन्नवीरनं वर बघितलं. मायाप्पा. खांद्याला पिशवी, डोक्याला नवा फेटा. चेहरा ओळखायला नेहमीसारखाच वेळ लागला.

"गावाला निघालोय. एसटीला टाईम हाय. म्हनलं अण्णाची मिल बघून जावं."

"बघ की. तिथं कचेरी, इथं कँटीन." चन्नवीरनं माठ दाखवला.

मायाप्पा हसला, पाणी प्याला. मग त्यानं चन्नवीरचा वळसा घातलेला डावा हात बघितला. त्यानं पिशवी भिंतीला टेकवली, मागं गेला आणि उंच स्टुलावर बसला.

"हे कुनासाठी केलंस? पाय नीट बसत्यात."

चन्नवीरनं आकडा उचलला.

पडद्यातून चिमटी आली. चिरलेलं नख. चन्नवीरनं आकडा घातला. धागा आला, ओढला. पुढचा आला. पाच-दहा धाग्यांत जुनी चाल लागली. इथं खडखडाट नव्हता. नरसय्याचे माग दुपारच्या जेवणाला बंद होते. दोघांनाही बोलता आलं असतं. दोघं बोलले नाहीत. चन्नवीरचा डावा हात मांडीवर मोकळा पडला होता, आणि त्याचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. खांद्यातली कळ हळूहळू उतरत गेली. त्याला वाटलं, एसटी चुकावी.

बऱ्याच वेळानं, आकडा चालू ठेवूनच, त्यानं विचारलं. आवाज मोठा करायची गरज नव्हती.

"मायाप्पा, आता येतोस?"

हात थांबला.

चिमटीत धागा होता. तुटलेला नव्हता, चिकटलेला नव्हता. पडद्याच्या पलीकडं हात तसाच हवेत राहिला.

चन्नवीरनं आकडा डोळ्यात तसाच धरला. काही विचारलं नाही. तोच नियम होता.

मग धागा पुढं आला. त्यानं तो घेतला. त्यानंतरचाही घेतला. ओळीतला झुपका संपेपर्यंत मायाप्पानं धागे दिले, एकही न चुकवता. मग तो उठला, फेटा सारखा केला आणि पिशवी खांद्याला लावली.

"राजाबाईला सांगतो, अण्णाचं बरं चाललंय."

"सांग. पोरांना सांभाळ."

"तुझ्या हाताला तेल लाव, अण्णा."

तो गेला. शेजारी नरसय्याच्या घरात भांडी वाजत होती, कुणीतरी तेलुगूत मोठ्यानं हसत होतं. चन्नवीरनं स्टूल कडेला सरकवलं. आकडा उजव्या हातात धरला, डावा हात वळसा घालून पलीकडं नेला, आणि पुढचा धागा स्वतःच स्वतःला दिला.